एकसष्ट रुपयांचं शेण

अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. रक्कम रुपये एकसष्ट. ठिकाण आमच्या गावच्या शाळेचा ओटा. हजर: सरपंच, कोतवाल, आमचे शेजारी किसनकाका, माझे बाबा, शेणाच्या लिलावाला यायचं काही कारण नसलेले गावातले वीसेक लोक, आणि मी. मी तिथे होते, कारण हिशेब माझा होता.

लिलाव आखराच्या शेणाचा होता. आखर म्हणजे गावाबाहेरची ती मोकळी जागा, जिथे सकाळी घराघरातली गुरं सोडून एकत्र करतात आणि मग गुराखी त्यांना जंगलात चारायला नेतो. तिथे पडणारं शेण पंचायतीचं. वर्षभराचा हक्क दर अखजीला लिलावात जायचा. आदल्या वर्षी तो चोवीस रुपयांना गेला होता. यंदा बाबा तीसवर गेले, तेव्हा किसनकाकांना गंमत वाटली. त्यांना शेण नको होतं, बाबांचा चेहरा पाहायचा होता. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस करत ते साठपर्यंत चढले. बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोट्टे, पक्कं नं?" मी मान हलवली. बाबांनी एकसष्ट म्हटलं. किसनकाका हात जोडून म्हणाले, "घ्या बाप्पा. एवढ्यात तं म्हैस येते, अन् ते शेणासंगं दूधही देते!"

त्यातले साठ रुपये मायने पिठाच्या डब्यामागच्या डबीत जमवले होते. ते माझ्या पुसदच्या शाळेचे होते. गावची शाळा सातवीपर्यंत, ती मी संपवली होती. पुसदला मावशीकडे राहून पुढे शिकायचं ठरलं होतं. पण बाबांचं म्हणणं असं, की साठ रुपयांत एकच वर्ष निघेल, पुढच्या वर्षी काय? नाल्याकाठचं आमचं सात एकर बरड रान म्हणजे मुरमाड, उथळ जमीन. त्यात कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याच्या वर जात नव्हती. त्याला पोटभर खत मिळालं तर ते रानच मला दरवर्षी शिकवेल. म्हणून एक वर्ष थांबायचं, पैसे खतात घालायचे. मायने दोन दिवस डबीला हात लावू दिला नाही, तिसऱ्या दिवशी ती काढून दिली. निम्मे पैसे लिलावाच्या दिवशी भरायचे, निम्मे पुढच्या अखजीला. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते. तीस रुपये पन्नास नवे पैसे हा आकडा मी कोतवालाला दोनदा समजावून सांगितला, कारण त्याला अजून आणे हवे होते.

आता माझा हिशेब. मी आमच्या कपिली गाईचं एका दिवसरात्रीचं शेण तराजूत घालून मोजलं होतं. ते साडेदहा शेर भरलं. मी दहा धरलं. आखरावर येणारी गुरं एकशे ऐंशी. म्हणजे रोजचे पंचेचाळीस मण. वर्षातले तीनशे दिवस धरले तर साडेतेरा हजार मण. बारा मणांची एक गाडी, म्हणजे अकराशे पंचवीस गाड्या. बाबांनी पाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाले, "इतकं नाई होत. चतकोर धर." चतकोर म्हणजे दोनशे एक्क्याऐंशी गाड्या. एकसष्ट रुपयांत! गुणाकार तीनदा तपासला, बरोबर होता. आजही तो बरोबरच आहे.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं टोपल्या घेऊन पहाटेच आखरावर गेलो. गुरं जमली. घंटांचा, हंबरण्याचा, कालवडींच्या धडपडीचा असा गलका की बोललेलं ऐकू येईना. आणि मग अर्ध्यापाऊण तासात सगळा कळप उठून वाटेला लागला. धूळ बसली. मी शेणाचे पो मोजले. अडुसष्ट. शेराला एक धरला तरी पावणेदोन मण. दुसऱ्या दिवशी एकाहत्तर, तिसऱ्या दिवशी सहासष्ट. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "गुरं इथं उभी किती वेळ राह्यतात, हे आपून धरलंच नाई." 'आपून' म्हणाले, 'तू' म्हणाले नाहीत. ते मला जास्त लागलं.

पुढे पावसाळ्यात आणखीच झालं. पडलेला पो आम्ही उचलायच्या आत हलायला लागायचा. खालून शेणकिडे निघायचे, काळे, शिंगवाले, बोटाच्या पेराएवढे. काही गोळ्या करून ढकलत न्यायचे, काही तिथेच भोकं पाडून आत ओढायचे. दुपारी तिथे नुसता भुसा उरायचा. मी काठीने किडे उडवत बसले. किसनकाका वाटेने जाता जाता म्हणाले, "राहू दे वं बाई, त्याहिलेही शाळेत जायचं असन!" गावात बाबांना 'शेणशेठ' म्हणू लागले. बाबा हसून ओ द्यायचे. पण दिवाळीला खताच्या ढिगाभोवती फिरून मी सांगितलं, की हा सात गाड्यांचा आहे आणि अखजीपर्यंत दहा-अकरा होईल, तेव्हा ते म्हणाले, "आता तुहा हिशेब मले नको सांगू." आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मायने आंबाडीची भाजी आणि कण्या केल्या होत्या, माझ्या फार आवडीच्या. मी मोजून चार घास खाल्ले.

गावची गुरं चारायची जमनी याडी. ती तांड्यावरची. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, पण आमच्या गावात लहानमोठे सगळे तिला याडीच म्हणत. साठीची असेल. कोपरापर्यंत हस्तिदंती रंगाच्या बांगड्या, आरशांची चोळी, हातात तिच्यापेक्षा उंच काठी. नवरा गेल्यापासून कळप तीच नेत होती, कारण, ती म्हणायची, गुरांना माणूस बदललेला समजत नाही, आवाज बदललेला समजतो, आणि नवऱ्याचा आवाजही तिच्यासारखाच बारीक होता. तिचे आजेसासरे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून न्यायचे. तिला प्रत्येक गुराचं नाव माहीत होतं. आमच्या कपिलीला ती 'पंडिताण' म्हणायची, कारण ती पाय ठेवण्याआधी जमीन हुंगायची.

तिला मी सरळ विचारलं, "याडी, शेण जाते कुठं?"

"जिथं जायचं तिथं जाते, छोरी. तुह्या बापानं आखर घेतला, जंगल थोडंच घेतलं."

मला तिच्या मागे जायचं होतं. माय म्हणाली, कापूस वेचायचा सोडून गुरांमागे फिरलीस तर लोक काय म्हणतील. याडीच आमच्या ओट्यावर येऊन बसली, चहा प्याली आणि म्हणाली, "माह्यासंगं येईन. वेचणीच्या खाड्याच्या दिवशी. मले दोन डोळे कमी दिसून राह्यले, तिचे कामी येतीन." याडीला कोसावरची कालवड ओळखू यायची, हे मायला माहीत होतं. तरी मायने हो म्हटलं. मला वाटतं, माझे ते चार घास तिनेही मोजले होते.

या वेळी मी शहाणी झाले होते. एकशे ऐंशी गुरांवर लक्ष ठेवता येत नाही, म्हणून दहा निवडली. लहान, मोठी, गाय, बैल, दोन म्हशी. त्यांच्या शिंगांना मायच्या फाटक्या लुगड्याच्या लाल चिंध्या बांधल्या. ओटीत खडे घेतले. मी सहा दिवस फिरले. पो आखरावर पडला तर खडा एका खिशात, वाटेवर किंवा पाण्यावर पडला तर दुसऱ्यात, जंगलात पडला तर पिशवीत. सकाळी त्या त्या घरी जाऊन गोठ्यातले रात्रीचे पो विचारायचे. एका घरच्या काकू म्हणाल्या, "पोट्टीचं लग्न जमवायला कोणी आलं तं हेच सांगू का, की आमच्या बैलाचे पो मोजून गेली म्हणून?" शेवटी शंभराला प्रमाण काढलं. गोठ्यात पंचेचाळीस. जंगलात अडतीस. वाटेवर आणि पाण्यावर तेरा. आखरावर चार. आम्ही शंभरातले पंचवीस समजून चारांचा लिलाव घेतला होता.

आकडे जुळले याचा आनंद इतका झाला, की नुकसान किती हे थोडा वेळ विसरलेच. तो आनंद मला अजून होतो. महिनाअखेरीला घरखर्चाची वही जुळली की मी एक कप चहा जास्त घेते.

पण जंगलातले ते अडतीस माझ्या डोक्यातून जाईनात. रोज एवढं शेण जंगलात पडतं, वर्षानुवर्षं पडतं, मग तिथे डोंगर का झाला नाही? आणि नुसतं शेणच नाही. माघ-फाल्गुनात साग, पळस, ऐन, सगळी झाडं उघडी होतात. पाय घातला तर घोट्यापर्यंत पानं. चालताना असा आवाज, की याडी पुढे काय बोलते ते ऐकायला थांबावं लागायचं. मी चार हात लांब, चार हात रुंद जागेतली पानं गोळा करून तराजूत घातली. दोन शेर भरली. दरवर्षी दोन शेर. जंगल याडीच्या आजेसासऱ्यांच्याही आधीचं. मग पानांत बुडून का गेलं नाही?

"उचल," याडी म्हणाली.

मी वरची पानं बाजूला केली. ती यंदाची, अख्खी, खडखडीत. त्याखाली मागच्या वर्षीची, त्यांचा हिरवा-तपकिरी गर गेलेला आणि नुसती शिरांची जाळी उरलेली. एक उचलून धरली तर त्यातून याडीचं तोंड दिसत होतं. त्याखाली चहाच्या भुकटीसारखा काळा चुरा, ओलसर, थंड, आणि त्याला असा वास की मला एकदम भूक लागली. त्या चुऱ्यात पांढरे दोरे, वाळवी, गोगलगाईची पिल्लं, एक पैसा किडा जो शिवल्याबरोबर वेटोळं करून बसला. आणि त्याखाली, जे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, झाडाची बारीक मुळं. केसांसारखी. ती खाली जात नव्हती, वर येत होती. चुऱ्यात शिरत होती.

"पाह्यलं? झाड आपलंच उष्टं खाते," याडी म्हणाली. "पान टाकते, किड्याहिले देते, ते चावून बारीक करून देतात, अन् मंग हे मुळीनं वर वढते. पुन्हा पान करते. म्हणून ढीग होत नाई. गाईचंही तसंच. गवत खाल्लं इथचं, टाकलं इथंच, गवत झालं इथंच. इथं कोणी लिलाव करत नाई."

"सगळंच परत वर जाते? जरा पण सांडत नाई?"

ती हसली. तिचा वरचा एक दात नव्हता. "बनियाची छोरी व्हायची होतीस तू. सांडते नं. पाण्यासंगं सांडते. उतारावरून नाल्यात जाते."

"अन् नाल्यातून?"

"नाला जिथं थकते तिथं."

नाला थकायचा तो आमच्याच रानाच्या टोकाला. तिथे दोन आडवे खडक होते. जोराने आलेलं पाणी त्यांना अडून पसरायचं, शांत व्हायचं आणि मग बाजूने निघून जायचं. मागे जी खोलगट जागा होती ती आमच्या सात एकरांच्या कागदावर चौदा गुंठे 'पोटखराब' म्हणून लिहिलेली होती. म्हणजे जमिनीच्या पोटातला, लागवडीला नालायक तुकडा. गाव तिला मिठाचा पडाव म्हणायचं, का ते कोणाला माहीत नव्हतं. याडीला माहीत होतं. मीठ घेऊन जाणारा तिचा तांडा तिथे उतरायचा. शेदोनशे बैल, पाच-पाच दिवस. बाबा त्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नसत, कारण तिथे नुसतं उंच गवत आणि लव्हाळी माजलेली. बरड रानात गवत वीतभर, आणि तिथे माझ्या डोक्याएवढं. मी लहानपणापासून ते पाहत होते, आणि एकदाही 'का?' असं विचारलं नव्हतं.

याडीने मला तिथे नेलं आणि काठीचं टोक रोवलं. ती काठी मुरमात पेरभरही जात नाही. इथे हातभर गेली. तिने वर ओढली तर काळी, चकचकीत, जाळीदार पानांचा तुकडा चिकटलेली. तोच वास.

मी त्या संध्याकाळी बाबांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी हिशेब नको म्हटलं होतं. मी दोन फुटकी मडकी घेतली. एकात बरड रानाची माती, दुसऱ्यात निम्मी तीच माती आणि निम्मी पडावाची. दोन्हींत आंबाडीचे वीस-वीस दाणे. रोज एकेक गडू पाणी. मडकी ठेवली मुद्दाम बाबांच्या तोंड धुवायच्या दगडाजवळ. एकवीस दिवसांनी पहिल्यात सतरा उगवलेले, सगळ्यांत उंच रोप चार बोटं. दुसऱ्यात एकोणीस, आणि अकरा बोटं. बाबा रोज तोंड धुताना पाहत होते, विचारत नव्हते. त्या सकाळी त्यांनी आपली बोटं लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग मला हाक मारली.

"ही माती कुठची?"

"आपल्याच पोटखराबातली."

ते कुदळ घेऊन निघाले, न्याहारीही केली नाही. मी मागे. एका जागी खणलं, दहा पावलांवर पुन्हा खणलं, तिसऱ्या जागी खणलं. तिन्हीकडे अडीच हात काळं निघालं. बाबा खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले. इतके की वरच्या पळसावरची पोपटांची टोळी उडाली. "शेणशेठ!" ते स्वतःलाच म्हणाले. "गावाचं शेण घ्याले गेलतो, अन् माह्याच घरात शंभर वर्षांचं भरून ठेवलेलं!" मग माझ्याकडे पाहून, "किती गाड्या निघतीन?"

"मोजल्याबिगर सांगत नाई," मी म्हटलं.

"शहाणी झाली," ते म्हणाले.

चैत्रात ते काम चाललं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत, असं मी सहसा लिहीत नाही, पण इथे लिहिते. पहाटे गाड्या जुंपायच्या. आमची एक, मामाची एक. चाकांना वंगण मी घालायचे. बैलांच्या घुंगरांचा आवाज नाल्यापर्यंत जायचा आणि खडकांवरून परत यायचा. माय पडावाशेजारी तीन दगड मांडून गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायची आणि वांग्याची भाजी मातीच्या मडक्यात शिजवायची. दुपारी रोडगे फोडून तुपात बुडवताना सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. धुतले तरी नखांत ते राहायचं, आणि मायने त्याबद्दल एकदाही कोणाला टोकलं नाही. मी प्रत्येक गाडीला खडकावर कोळशाची एक रेघ ओढायचे. एका गाडीत चाळीस टोपल्या.

पाचव्या दिवशी किसनकाका आले. उगाच आल्यासारखे आले. खड्ड्यात उतरले, मूठभर काळं उचललं, हुंगलं. "शेणशेठ, भाव काय?"

"तुम्ही तं साठ म्हणत होते," बाबा म्हणाले.

"ते सगळ्या आखराचे होते बाप्पा! गाडीचं सांगा."

"हिशेब तिले विचारा," बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, दोन रुपये गाडी, वाहणावळ तुमची. ते दीडवर आले. मी म्हटलं, दोनच, आणि तेही हसतमुखाने द्यायचे. त्यांनी वीस गाड्या घेतल्या. चाळीस रुपये. ते त्याच संध्याकाळी मायच्या डबीत गेले, आणि मी पुसदला जाणार हे कोणी मोठ्याने म्हटलं नाही, तरी मायने माझ्या दोन परकरांची शिवण उसवून खाली कापड जोडायला घेतलं.

याडी गुरं चरायला सोडून अधूनमधून खडकावर येऊन बसायची. एक दिवस ती बाबांना म्हणाली, "बापू, सगळं नेशीन?"

"निघन तेवढं नेईन."

"मंग पुढच्या वर्षी काय नेशीन? हे तुह्या रानातलं नाई. हे वरून आलं. जंगलाचं सांडलं, माह्या गुराहिचं सांडलं. तुह्या रानाले भूक लागली, ने. पण वरच्याचं वरच्याले थोडं पाठव."

बाबा कुदळीवर हात ठेवून उभे राहिले. "थोडं म्हणजे किती?"

"आमचे म्हातारे पडाव सोडून जाताना दहा ओझ्यांतलं एक ओझं शेण मोहाच्या झाडाखाली टाकून जायचे. पुढच्या खेपेले सावली पाह्यजे म्हणून."

वर, उताराच्या माथ्यावर, जिथून पावसाचं पाणी नाल्याकडे वळतं, तिथे सात मोहांचं बन होतं. फाल्गुन-चैत्रात फुलं वेचायला सोपं जावं म्हणून सगळं गाव त्यांच्याखालची पानं जाळून जागा साफ करायचं. आम्हीही करत होतो. वेचताना फूल दिसलं पाहिजे, एवढंच आम्हाला कळत होतं. खाली राखेशिवाय काही नव्हतं. मी मुद्दाम उकरून पाहिलं. जाळी नाही, चुरा नाही, वर येणारं मूळ नाही. आम्ही दरवर्षी त्या झाडांचं ताट त्यांच्यासमोर जाळत होतो. त्या वर्षापासून आमच्या घराने ते जाळणं बंद केलं. मायने फुलांसाठी खाली जुनी लुगडी अंथरायला सुरुवात केली. दोन वर्षांनी गावातल्या आणखी चार घरांनी तसंच केलं. पाचव्या घराने केलं नाही, हेही लिहायला हवं. ते घर किसनकाकांचं.

अखजीच्या आदल्या दिवशी खणणं थांबलं. पोटखराबाचा खालचा निम्मा भाग बाबांनी तसाच ठेवला. मी खडकावरच्या रेघा मोजल्या. एकशे त्रेचाळीस. वीस किसनकाकांच्या, बाकीच्या आमच्या. बाबांनी विचारलं, "दहातली एक म्हणजे किती?"

"चौदा गाड्या," मी म्हटलं. "अन् वर तीन दशांश. म्हणजे बारा टोपल्या."

तोंडी सांगितलं होतं. मला वाटलं ते पाटी मागतील. त्यांनी मागितली नाही. "मंग बैल जुंप," म्हणाले.

पुढची हकिकत थोडी आहे. त्या बरड रानात आधी अकरा मण कापूस व्हायचा, त्या वर्षी एकोणीस झाला. मी पुसदला गेले आणि मॅट्रिक होईपर्यंत त्याच रानाने मला शिकवलं. तिथे विज्ञानाच्या मास्तरांनी फळ्यावर बाण काढून पान, माती, मूळ, पुन्हा पान असं वर्तुळ दाखवलं, तेव्हा सगळा वर्ग वहीत उतरवत होता आणि मी एकटीच हसत होते. मास्तरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सर, या वर्तुळाला एका जागी गळती आहे, ती तुम्ही दाखवली नाही. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं, आणि मी नाला काढला.

आता काय दिलं आणि कोणाला, ते लिहून थांबते. अखजीच्या दिवशी पंचायतीला राहिलेले तीस रुपये पन्नास नवे पैसे, कोतवालाची पावती घेऊन. लिलावातून आलेलं आखराचं अकरा गाड्या खत, ते मायच्या भाजीच्या वाफ्यांना. जमनी याडीला चार पायल्या ज्वारी आणि घागऱ्याचं लाल कापड. ज्वारी तिने मोजून घेतली, कापड न पाहता काखेत मारलं आणि तांड्यावर पोचेपर्यंत तीन घरी थांबून दाखवलं. सात मोहांना चौदा गाड्या, प्रत्येकी दोन. आणि शेवटच्या बारा टोपल्या, त्यांना गाडी जुंपण्यात अर्थ नव्हता, म्हणून सहा बाबांनी आणि सहा मी डोक्यावर वाहून वर नेल्या.